डाव्या कुशीवर

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं काम कोन्सूबायने आजवर कोणाच्या हाती दिलं नव्हतं. नवरा पास्कू होता तेव्हाही नाही, आणि तो गेल्यावर मुलगा गॅब्रियल होडीवर उभा राहिला तेव्हाही नाही. पोचे आलेला स्टीलचा एक पेला होता. त्याच्या आतल्या अंगाला खिळ्याने ओढलेली रेघ होती. त्या रेघेपर्यंत ऑइल घ्यायचं, बारीक धारेने पेट्रोलच्या कॅनमध्ये सोडायचं, झाकण आवळायचं आणि कॅन मांडीवर घेऊन डोलवायचा, तान्ह्या पोराला डोलवावं तसा. ऑइल जास्त झालं तर मशीन धूर ओकते, कमी झालं तर आतून जळते. कोन्सूबायच्या होडीची मशीन कधी जळली नव्हती. हे ती चौक गावात दिवसाआड कोणाला ना कोणाला सांगायची.

पण मशीन म्हातारी झाली होती. तिचा निळा रंग खाऱ्या वाऱ्याने खाल्ला होता आणि टोपीची कडी गेल्यामुळे ती जाळ्याच्या दोरीने बांधलेली असायची. दोन हजार सातच्या त्या ऑक्टोबरात तर ती रोज पहाटे रुसायची.

"ओढ," कोन्सूबाय किनाऱ्यावरून म्हणायची.

गॅब्रियल कमरेभर पाण्यात उभा राहून दोरी ओढायचा. एकदा, दोनदा, पाचदा. मशीन खोकायची आणि गप्प व्हायची. खलाशी लवू होडीचं नाक धरून दुसरीकडे बघत उभा असायचा. दहाव्या-बाराव्या झटक्याला गॅब्रियल उजवा हात सोडून डाव्याने ओढायला लागायचा. हे कोन्सूबाय बघायची, पण त्यावर बोलायची नाही.

शेजारी तिच्या जावेचा मुलगा प्रिन्स स्वतःची होडी पाण्यात ढकलायचा. त्याच्या होडीला गणपतीच्या सुमाराला नवी काळी मशीन लागली होती, फोर स्ट्रोक. प्रिन्स बसल्या बसल्या दोरीला एक झटका द्यायचा, तोही दोन बोटांनी. मशीन सुरू झाली की नाही हे ऐकू यायचं नाही. पाणी तेवढं मागे फेसाळायचं आणि होडी निघायची.

"गॅबी, दोरी बांधून टोचन लावू काय?" प्रिन्स विचारायचा. पोरगा मनाने वाईट नव्हता, आणि तेच कोन्सूबायला जास्त लागायचं.

"तू जा रे. आमची पेटंल," ती किनाऱ्यावरूनच ओरडायची.

त्या बुधवारी मशीन जाताना पेटली, पण येताना पेटली नाही. दुपारी बायका टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उभ्या होत्या. कोन्सूबाय घरीच होती. तिला किनाऱ्यावर जाऊन डोळे ताणायची कधी गरज पडली नव्हती. निळ्या मशीनची टरटर दीपस्तंभाच्या अंगाने वळली की ती चुलीजवळूनच म्हणायची, "आला माझा," आणि भात उतरवायची. सून डेझी सुरुवातीला हसायची. मग तिलाही सवय झाली. सासू बोलली की ती टोपली उचलायची.

त्या दिवशी टरटर आलीच नाही. देवळाची, म्हणजे चर्चची, बाराची घंटा झाली तशी कोन्सूबाय उठून किनाऱ्यावर गेली. पाहते तर प्रिन्सची होडी संथपणे येत होती आणि तिच्या मागे दोरीला बांधलेली गॅब्रियलची. दावं धरून ओढत आणलेल्या बैलासारखी. गॅब्रियल मागच्या होडीत उभा होता. बसला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"प्रिन्सनं आनला हो ओढून," सिसिल, तिची जाऊ, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली. "न्हायतर उद्या सकालपर्यंत तिकडंच असता."

कोन्सूबायने टोपली खाली ठेवली. "समुद्र काय तुझ्या पोराच्या मशीननं आटला न्हाय, सिसिल. भरतीला आपोआप आला असता."

"ओहोटीची वेल हाय, बाय," सिसिल म्हणाली. बायका पदरात हसल्या.

*

सिसिल आणि कोन्सूबाय सख्ख्या जावा. दोघींचे नवरे देवळामागच्या मातीत शेजारी शेजारी झोपलेले. घराची मधली भिंत एक आणि पुढचा ओटाही एकच. मध्ये विटांची एक ओळ होती तेवढीच. सिसिल लग्न होऊन आली तेव्हा तिला शिंगाळा मासा कापता येत नव्हता. तिच्या माहेरी शेती. कोन्सूबायने तिला ह्याच ओट्यावर बसवून शिकवलं होतं. काटा हातात घुसून सिसिल रडायला लागली की कोन्सूबाय दुसरा शिंगाळा पुढे टाकायची आणि म्हणायची, "पुन्हा."

त्या सिसिलने आता बाजारातली जागा घेतली होती. भाईंदरच्या मासळी बाजारात दाराजवळच्या खांबाला टेकून बसायची कोन्सूबायची जागा होती. येणाऱ्या गिऱ्हाइकाची पहिली नजर त्या खांबावर पडायची. ती जागा कोणी लिहून दिलेली नव्हती. जी आधी येईल तिची, आणि पंधरा वर्षं कोन्सूबाय आधी येत होती. आता प्रिन्सची होडी तासभर आधी लागायची. सिसिल पहिली बस पकडायची. कोन्सूबाय पोचायची तेव्हा सिसिल खांबाला पाठ लावून, मांडी पसरून बसलेली असायची, आणि तिच्यापुढची बोई मासळी अजून डोळे वर करून चमकत असायची.

"बस ना बाय इकडं, जागा करते," सिसिल म्हणायची आणि एक वीतभर सरकायची.

कोन्सूबाय मागे नळाजवळ जाऊन बसायची. तिथे पायाखाली पाणी असायचं आणि गिऱ्हाईक उरलेलं.

संध्याकाळी सिसिल ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना मशीन दाखवायची. प्रिन्स रोज ती खांद्यावर टाकून किनाऱ्यावरून घरी आणायचा. सगळेच आणायचे. रात्रभर होडीला ठेवली तर सकाळी असेलच असं नाही. सिसिलने मशीनसाठी जुन्या जाळ्याची गादी केली होती.

"हिला ऑइल मिसलायला लागत न्हाय," ती सांगायची. "हिच्या पोटात ऑइल वेगलं आनि पेट्रोल वेगलं. पेट्रोल पन अर्धं खाते. पन नखरे किती म्हनून सांगू. आपल्या जुन्या मशिनी कशा, टाकली तशी पडली. हिला बालंतिनीसारखी एकाच कुशीवर झोपवावी लागते. म्हनजे कशी—"

ऑइल मिसळायला लागत नाही, एवढं ऐकून कोन्सूबाय उठली होती. हातातली कोयती तिने आपटून ठेवली आणि घरात गेली. कुठल्या कुशीवर, ते ऐकायला ती थांबली नाही. सिसिलच्या तोंडून मशीन कशी झोपवायची ते शिकायचं, एवढे वाईट दिवस तिच्यावर आले नव्हते.

*

नवी मशीन घ्यायची हे त्या बुधवारीच ठरलं. त्यावर कोणी वाद घातला नाही. पैशाची सोय कोन्सूबायने दोन वर्षांपासून करून ठेवली होती. वाद होता तो कुठली घ्यायची याचा.

"कालीच," गॅब्रियल जेवताना म्हणाला. "महिपत मिस्त्रीला तिचं सगलं ठावं हाय. पार्ट उत्तनला मिलतात. काय अडलं तर प्रिन्स हाय."

"प्रिन्स हाय," कोन्सूबाय म्हणाली. "मना ठावं हाय प्रिन्स हाय. आज त्याच्याच दोरीला होतास."

"आय, दोरीचं काय त्यात?"

"ती पांढरी हाय ना दुसऱ्या कंपनीची? वरसाव्याच्या रेतीवाल्यांकडं हाय. ती पन फोर स्ट्रोकच."

"हाय. पन ती इकडं कोनाकडं न्हाय."

"म्हनूनच."

गॅब्रियलने ताटातला भात एका बाजूला केला. "आपल्याला मासे मारायचेत का कोनाला दाखवायचंय?"

"तुला मारायचेत. मना बाजारात बसायचं हाय," कोन्सूबाय म्हणाली. "काली आनलीस तर सिसिल काय बोलंल? बोलंल, आमचं बगून घेतली. सगला गाव बोलंल. आयुष्यभर तिनं माझं बगून केलं. चूल बांधली माझी बगून, पोराला शालेत घातला माझा बगून. आता माझ्या ओट्यावर तिच्यासारखी मशीन? पांढरी घे. शनिवारी काशीमिऱ्याला जाऊ."

गॅब्रियल ताटावरून उठला आणि हात धुताना उजवा खांदा जरा वर धरून त्याने डाव्या हाताने तांब्या उचलला.

डेझी भांडी घासताना हळूच म्हणाली, "आय, पांढरी जड हाय असं बोलतात."

"कोन बोलतात?"

"हेच बोलत होते. कालीपेक्षा आठ-नऊ किलो जास्ती. रोज दोनदा खांद्यावर घ्यायची म्हनजे. रात्री कुशीवर झोपता येत न्हाय त्यांना. मी मोहरीचं तेल लावते."

"पास्कूनं जलत्या वालूतनं मशीन आनली वीस वर्षं," कोन्सूबाय म्हणाली. "त्याला कोनी तेल न्हाय लावलं."

तिनेच लावलं होतं. पण हे डेझीला सांगायची तिला गरज वाटली नाही.

*

गुरुवारी दुपारी आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस, येतो तो दणकाच देऊन जातो. मांडवावर बोंबील वाळत होते. कोन्सूबाय आणि डेझीने धावत जाऊन आधी स्वतःचे उतरवले. मग सिसिलच्या मांडवावरचेही, कारण सिसिल बाजारात होती आणि बोंबील कोणाचेही असले तरी भिजलेले बघवत नाहीत. एवढं शेजारधर्माचं कोन्सूबायला कळत होतं.

बोंबलांच्या टोपल्या पोचवायला ती सिसिलच्या अर्ध्या ओट्यावर गेली, तेव्हा तिला काळी मशीन दिसली. ओट्याच्या कडेला जाळ्याच्या गादीवर आडवी पडलेली. प्रिन्स त्या दिवशी समुद्रावरून लवकर परतला होता. मशीनची टोपी काढून, आतलं पुसून, ती तशीच उघडी ठेवून तो कुठेतरी गेला होता. कौलांची पागोळी सरळ तिच्या उघड्या पोटावर पडायच्या बेतात होती.

कोन्सूबायने आभाळाकडे पाहिलं. पाऊस आला तर येऊ दे, असं तिच्या मनात आलं. आलं ते आलंच. मग तिने पदर कमरेला खोचला.

मशीन तिला उचलेना. मग तिने गादीसकट ती आत ओढली, भिंतीपर्यंत. पण भिंतीवरच्या कौलातूनही एक थेंब पडत होता, आणि मशीनचं उघडं अंग नेमकं त्याच्याखाली आलं होतं. तिने दोन्ही हात खाली घातले, गुडघा लावला आणि ती अंगावर घेऊन दुसऱ्या कुशीवर वळवली, जशी निळी मशीन ती वर्षानुवर्षं वळवत आली होती. उघडी बाजू भिंतीकडे गेली. वर टोपी झाकून ठेवली.

मशीनचं काळं अंग हाताला गार आणि गुळगुळीत लागलं. कुठे ओरखडा नाही. पाण्याचे थेंब त्यावर उभे राहत होते, पसरत नव्हते. कोन्सूबायने ते पदराच्या टोकाने पुसले. मग कोणी बघितलं तर काय, म्हणून ती चटकन घरी आली.

*

सकाळी प्रिन्सची मशीन दोन बोटांनी पेटली नाही. मग हाताने पेटली नाही. मग तो उभा राहून, पाय होडीच्या फळीला लावून ओढायला लागला, आणि पंधराव्या झटक्याला मशीनमधून पांढऱ्या-निळ्या धुराचा एवढा लोट आला की किनाऱ्यावरच्या बायकांनी नाकाला पदर लावले. मग ती मेली.

आणि निळी मशीन त्या दिवशी तिसऱ्या झटक्याला पेटली.

कोन्सूबायच्या पोटात काहीतरी गोड सरकलं. लहानपणी आईच्या नकळत गूळ खाल्ल्यावर सरकायचं तसं. गॅब्रियलची होडी टरटर करत गेली. प्रिन्स पाण्यात मशीनची टोपी काढून उभा होता आणि सिसिल किनाऱ्यावर हात कमरेवर ठेवून. कोन्सूबाय तिच्याजवळून जाताना म्हणाली, "नव्या मशिनीला पन सर्दी होते की."

नऊच्या सुमाराला महिपत मिस्त्री आला. ओट्यावर मशीन उभी करून त्याने प्लग काढले. ते काळे, ओले होते. मग त्याने दोरी ओढली तशी प्लगच्या भोकांतून ऑइलची पिचकारी भिंतीवर उडाली.

"कशी झोपवली होती हिला?" त्याने विचारलं.

"डाव्या कुशीवरच," प्रिन्स म्हणाला. "मी रोज डावीवरच ठेवतो."

"मग कोनीतरी उजवीवर टाकली. पोटातलं ऑइल सगलं वर डोक्यात चढलंय. नशीब, जास्ती ओढली न्हायस. आतून वाकली असती."

विटांच्या ओळीच्या ह्या बाजूला कोन्सूबाय बोंबील पसरत होती. तिचे हात थांबले. तिने वर पाहिलं नाही. सिसिलने भिंतीकडच्या गादीकडे पाहिलं, मग तिथल्या फरशीवर ओढल्याची जी खूण होती तिच्याकडे, आणि मग विटांच्या ओळीकडे.

पावसाचं पाणी येत होतं म्हणून ठेवली, हे वाक्य कोन्सूबायच्या जिभेवर आलं होतं. पण सकाळी किनाऱ्यावर ती काय बोलली होती ते आधी आलं होतं. आता ते वाक्य कोण खरं मानणार? तिने स्वतः तरी मानलं असतं का? सिसिल बाळंतिणीचं सांगत होती तेव्हा ती उठून गेली. एक क्षण थांबली असती तर डावी कूस तिला कळली असती. थांबली नाही, कारण तिला कळून घ्यायचं नव्हतं.

महिपतने ऑइल काढलं, नवं भरलं. दोन तास गेले. त्या दिवशी प्रिन्स गेलाच नाही. सिसिलही बाजारात गेली नाही.

कोन्सूबाय गेली. खांबाची जागा रिकामी होती. ती तिथे बसली. गिऱ्हाईक आलं, भाव झाला, मासळी गेली. पण पाठीला खांब टोचत होता. पंधरा वर्षांत तो कधी टोचला नव्हता.

*

शनिवारी ती आणि गॅब्रियल बसने भाईंदरला आणि तिथून काशीमिऱ्याला गेली. हायवेच्या कडेला ट्रकांच्या गॅरेजांमागे दुकान होतं. आत दोन्ही कंपन्यांच्या मशिनी लाकडी घोड्यांवर टांगलेल्या होत्या, काळ्या एका रांगेत, पांढऱ्या दुसऱ्या. दुकानात नीरज नावाचा मिरा रोडचा पोरगा होता. शर्ट पँटीत खोचलेला, खिशाला मोबाईल.

"बसा मावशी. पाणी घेणार?" म्हणत त्याने गॅब्रियलकडे वळून माहिती द्यायला सुरुवात केली.

"मना सांग," कोन्सूबाय म्हणाली. "ही पांढरी कुठल्या कुशीवर झोपवायची?"

नीरज गोंधळला. गॅब्रियलने आईकडे पाहिलं.

"म्हणजे आडवी ठेवायची? मावशी, ही बेस्ट आहे त्याला. ही कुठल्याही साइडला ठेवा, तीन बाजूंनी चालते. काळीचं तसं नाही, ती एकाच साइडला. चुकून उलटी ठेवली तर प्रॉब्लेम होतो."

"ठावं हाय," कोन्सूबाय म्हणाली.

तीन बाजूंनी. म्हणजे हिच्यावर तिचा हात चुकू शकणार नव्हता. कोणी तिला शिकवायला नको, कोणाला विचारायला नको. सिसिलसारखी दिसणार नाही. तिला जे जे हवं होतं ते सगळं त्या पांढऱ्या मशीनमध्ये होतं, आणि ते ह्या खोचलेल्या शर्टाच्या पोराने एका दमात सांगितलं होतं.

"उतरव खाली," ती म्हणाली.

"मावशी, दादा बघतील ना उचलून."

"दादानं रोज उचलायचीच हाय. मना बगू दे एकदा."

नीरजने आणि गॅब्रियलने पांढरी घोड्यावरून काढली. कोन्सूबायने चुंबळ करतात तसा पदर गुंडाळून खांद्यावर ठेवला आणि पाय फाकवून उभी राहिली. आयुष्यभर तिने डोक्यावर मासळीची टोपली वाहिली होती. वजन तिला काट्यावर बघावं लागत नव्हतं. मानेला कळायचं. गॅब्रियलने भार हळूहळू सोडला. चार पावलं ती चालली. पाचव्याला गुडघा आत वळला. गॅब्रियलने मशीन धरली.

"आय, पुरे."

"आता काली."

"आय—"

"काली दे, सांगितलं ना."

काळी घेऊन ती दुकानाच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. बाहेर ट्रकवाले बघत होते. तिची मान लाल झाली होती, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. पण ती परत आली. मशीन उतरवताना तिने गॅब्रियलच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. शर्टाखाली हाड होतं आणि हाडावर कडक, शिंपल्यासारखा घट्टा. त्याच्या खाली काहीतरी सुजलेलं. हात ठेवल्याबरोबर तो एवढासा मागे झाला. पास्कूचा खांदाही शेवटच्या वर्षी असाच होता.

समोर दोन मशिनी होत्या. पांढरीत तिची ताठ मान होती आणि काळीत त्याचा खांदा. ती थोडा वेळ पांढरीकडेच बघत उभी राहिली. देखणी होती.

"पांढरी छानच आहे मावशी, घेऊन टाका," नीरज म्हणाला. "तुमच्या एरियात कोणाकडे नसेल."

"तेच तर वाईट हाय," ती म्हणाली. "काली बांध."

*

टेंपोतून मशीन उतरली तेव्हा दिवस कलला होता. गावातली पोरं गोळा झाली. सिसिल ओट्यावर बसून शिंगाळा साफ करत होती. तिने मान वर केली, मशीनचा रंग बघितला आणि मान खाली घातली. कोन्सूबायला वाटलं होतं की ती आता बोलेल. सगळ्यांसमोर, तिच्या त्या गोड आवाजात. तिने उत्तरंही तयार ठेवली होती, टेंपोत बसून, एकापेक्षा एक तिखट.

सिसिल शिंगाळाच साफ करत राहिली.

गॅब्रियल आणि लवू मशीन ओट्यावर ठेवून किनाऱ्यावर गेले. डेझीने आदल्या दिवशी जुन्या जाळ्याची गादी करून ठेवली होती. कोन्सूबायने तिला सांगितलं नव्हतं. म्हणजे सुनेला आधीच ठाऊक होतं कुठली येणार ते. कोन्सूबायने तिच्याकडे रागाने पाहिलं, आणि तिला हेही कळलं की हा राग तिला जरा आवडला.

ती विटांच्या ओळीपाशी आली.

"सिसिल."

"बोल बाय."

"मीच ठेवली होती. उजवीवर."

"मना ठावं हाय." सिसिलने शिंगाळ्याचं डोकं मोडलं. "पदराचं सूत टोपीच्या कडीत अडकलं होतं तुझं. निलं."

"पाऊस येत होता. प्रिन्स उघडी टाकून गेला होता."

"ते पन ठावं हाय. बोंबील पन तूच उतरवलेस."

"मंग बोलली न्हायस का महिपतसमोर?"

सिसिलने हात पाण्यात बुडवले. "भिंतीतनं तुमचं सगलं ऐकू येतं. बोलले असते तर तू पांढरी आनली असतीस. मंग मी उद्या कोनाला दाखवलं असतं, की बाई, हिनं माझं बगून घेतली?"

टेंपोत तयार केलेली उत्तरं कोन्सूबायने गिळली.  मग तिने एक पाय उचलून विटांच्या ओळीपलीकडे टाकला, मग दुसरा.

"दाखव कशी झोपवायची ते."

सिसिल हात न पुसताच उठली. इतक्या लगबगीने ती कधी उठत नव्हती. ती कोन्सूबायला घेऊन विटांपलीकडे तिच्या ओट्यावर आली, गुडघे टेकून बसली, आणि मशीनच्या दांडीला शिंगाळ्याचे हात लावून म्हणाली, "ही दांडी वर. ह्या अंगाचा लोखंडी कान गादीवर. आनि आडवी करायच्या आदी उभी धरून पानी गलू द्यायचं. घाई न्हाय करायची. हां, कर आता."

कोन्सूबायने मशीन वळवली. वाकल्यावर तिच्या कमरेत कळ आली. मशीनचा कान गादीच्या बाहेर फरशीवर लागला.

"पुन्हा," सिसिल म्हणाली.

कोन्सूबायने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. सिसिलच्या तोंडावर हसू नव्हतं. पण तीस वर्षांपूर्वीच्या त्या रडक्या पोरीला आज जे मिळालं होतं ते तिच्या डोळ्यांत मावत नव्हतं.

कोन्सूबायने मशीन उभी केली, पाणी गळू दिलं, आणि पुन्हा वळवली.

*

सोमवारी पहाटे ती सवयीने उठली, पेला काढला, ऑइलची बाटली शोधली आणि मग तशीच बसून राहिली. गॅब्रियलने कॅनमध्ये पेट्रोल ओतलं, झाकण लावलं आणि तो निघून गेला. एवढंच. किनाऱ्यावर त्याने दोरीला एक झटका दिला. दोन बोटांनी नाही, हाताने. पण एकच.

दुपारी चुलीवर भात शिजत होता. कोन्सूबाय कान लावून बसली. लाटांचा आवाज येत होता, कोणाचा तरी रेडिओ, मच्छीच्या टेंपोचा हॉर्न. बाकी काही नाही.

"आय, टोपली घेऊ का?" डेझीने विचारलं.

"मना काय ठावं?" ती खेकसली आणि उठून किनाऱ्यावर गेली.

सिसिल आधीच उभी होती, कपाळाला हात लावून. दीपस्तंभाच्या अंगाने दोन होड्या वळत होत्या, एकसारख्या, आवाज न करता. ऊन पाण्यावर असं होतं की कोणती कोणाची ते कळत नव्हतं.

"पुढचा तुझा का माझा?" सिसिलने विचारलं.

कोन्सूबायने डोळे बारीक केले. पुढच्या होडीतला माणूस दांडी डाव्या हाताने धरून बसला होता.

तिने टोपली उचलली आणि भाईंदरच्या बसची वेळ मनात धरून झपाझप पाण्याकडे चालू लागली.